थेंबमावशीचं गढूळ पाणी

बाकीच्या घरांतून पाणी गाळतात, उकळतात, झाकून ठेवतात. थेंबमावशीच्या घरात मात्र वर्षातून एकदा चांगलं पाणी घेऊन ते घाण करायचा घाट घातला जाई, आणि तोही एखाद्या आचाऱ्याच्या थाटात. मागच्या दाराशी तीन निळी पिंपं मांडायची. त्यात कुंडीतली माती, साठवून ठेवलेला चहाचा चोथा, लाकडाचा भुसा, वर्तमानपत्राचे कपटे, भाजीची देठं आणि अगदी शेवटी पळीभर तेल. मोठ्या काठीनं ढवळायचं, झाकण लावायचं आणि दोन दिवस मुरू द्यायचं. मग झाकण उघडलं की असा काही वास सुटे की शेजारचं मांजरसुद्धा वाट बदलून जाई.

हा उपद्व्याप कशासाठी, असं शेजारीण दरवर्षी विचारायची आणि उत्तर ऐकून दरवर्षी कपाळावर हात मारायची. "म्हणजे मुलांना देण्यासाठी तू हे करतेस? आणि त्याचा पगार मिळतो तुला?"

मिळायचा. थेंबमावशी पाणीपुरवठा खात्यात होती आणि शाळेच्या मुलांना पाणी शिकवणं हे तिचं काम होतं. "पाणी काय शिकवायचं? तोटी सोडली की येतं," असं तिच्याच कचेरीतले लोक म्हणत. त्याच कचेरीत हात धुवायच्या जागेची तोटी कैक वर्षं टिपटिप गळत होती, ते मात्र त्यांना ऐकू येत नसे. थेंबमावशीनं एकदा त्या तोटीखाली बादली ठेवली आणि भरली की साहेबांच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवायला सुरुवात केली. चौथ्या बादलीला तोटी दुरुस्त झाली. बाई अशी होती. भांडायची नाही, पण पाणी नेऊन समोर ठेवायची.

नोकरीला लागली तेव्हा ती तक्रारींच्या खोलीत फोन घ्यायला बसे. पाणी आलं नाही, पाणी कमी आलं, पाणी रात्री आलं आणि आम्ही झोपलो होतो, पाण्याला वास येतो. दिवसभर लोक तिच्यावर ओरडत आणि ती सगळ्यांना "हो काका, हो ताई" म्हणत शांत करत असे. असं करता करता कुठल्या गल्लीत कुठला पाइप कुरकुरतो हे तिला घरच्या माणसांच्या दुखण्यांसारखं पाठ झालं. मग एक दिवस एका शाळेची मुलं जलशुद्धीकरण केंद्र पाहायला आली आणि माहिती सांगणारे अधिकारी नेमके रजेवर. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तक्रारींच्या खोलीतून हिला ओढून आणून मुलांपुढे उभं केलं. भिंतीवर भला मोठा तक्ता होता. तिनं छडीनं दोन टप्पे दाखवले. तिसऱ्या टप्प्याला अर्धा वर्ग जांभया देत होता आणि उरलेला अर्धा खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात पुढच्या एका पोरानं विचारलं, "पण घाण पाणी असतं कुठे? दाखवा ना."

हिनं साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला. त्यात खिडकीतल्या कुंडीतली मूठभर माती घातली, साहेबांच्याच कपातला चहाचा गाळ ओतला आणि म्हणाली, "हे घ्या. करा स्वच्छ." त्यानंतर तासभर मुलं खोलीबाहेर जायला तयार नव्हती. कुणी रुमालानं गाळलं, कुणी हळूच निवळू दिलं, एकानं तर स्वतःचा मोजा काढला. साहेबांना नवा जग घ्यावा लागला, आणि खात्याला शाळांसाठी माणूस मिळाला.

त्यातूनच पुढे तो महोत्सव उभा राहिला. दारावरच्या फलकावर 'शालेय जल-शिक्षण महोत्सव' असं भारदस्त नाव असे, पण मुलं त्याला ओला दिवस म्हणत, आणि मुलांचंच बरोबर होतं. केंद्राच्या आवारात, गाळणीघराच्या सावलीला टेबलं लागत. एका टेबलावर पाइपांचे तुकडे नि जोड देऊन उंचावरच्या टाकीतलं पाणी खालच्या घरात आणायला सांगत. जोड सैल राहिला की अंगावर कारंजं. एका टोकाला पातेल्यात वाळूचा डोंगर करून त्यावर झारीनं पाणी ओतायचं आणि कुठून कुठे वाहत जातं ते पाहायचं. मैदानात बादल्या घेऊन धावायचं आणि निम्मं पाणी आपल्याच पायांवर सांडून घ्यायचं. या सगळ्यांचा राजा म्हणजे गाळणीचं टेबल. कापलेली बाटली, कापूस, कोळसा, वाळू, खडी, आणि थेंबमावशीचं पिंपातलं गढूळ पाणी. ज्या गटाचं पाणी सगळ्यात नितळ त्यांना टाळ्या. बक्षीस म्हणून तिथे काहीच मिळत नसे, तरी मुलं जीव तोडून गाळत.

आणि या सगळ्यात थेंबमावशी स्वतः निळ्या स्पंजची, वर टोक असलेली टोपी घालून, तोंडाला निळा रंग फासून, गमबूट घालून हिंडे. टोपीचं टोक भिजलं की पुढे कलंडून डोळ्यांवर येई. मुलांना ते फार आवडे. एकाच मुलीला ते आवडत नसे, आणि ती थेंबमावशीची मुलगी होती.

पूर्वी असं नव्हतं. पोर चालायला लागली तेव्हापासून पिंपांच्या आजूबाजूला घोटाळायची. सदा ओली, सदा डबक्यात, म्हणून आईनं तिचं नाव बेडकुली ठेवलं होतं. घाण पाण्याची खरी आचारीण तीच. तेल सगळ्यात शेवटी घालायचं, हा शोध तिचा. साबण घालायचा नाही, हाही तिचाच, कारण एका वर्षी तिनं अख्खी बाटली ओतली होती आणि फेस मागच्या दारातून स्वयंपाकघरात शिरला होता. शेवटी झाकणांवर लाल फीत बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून हात लावणार नाही, हा तिचा मान. ती गाठ अशी काही मारी की सकाळी कात्रीच आणावी लागे.

पण मुलगी सातवीत गेली, शाळा बदलली आणि एका संध्याकाळी जेवताना ताटातल्या भाताशी खेळत म्हणाली, "आई, या वर्षी आमच्या शाळेचा नंबर लागलाय. तुमच्या त्या ह्याला."

"ओल्या दिवसाला?" थेंबमावशीच्या हातून डाव निसटला. किती वर्षं ती वाट बघत होती. इतक्या शाळा आल्या, इतकी लोकांची पोरं तिनं भिजवली, आणि स्वतःच्या पोरीच्या शाळेची पाळी काही येत नव्हती. "अगं, मग मी तुमच्यासाठी..."

"आई, ऐक ना आधी. माझं एक काम करशील? तू माझी आई आहेस हे तिथे सांगायचं नाही."

डाव तसाच खाली पडून राहिला.

"तसं नाही गं," बेडकुली घाईघाईनं म्हणाली, "पण माझ्या मैत्रिणीची आई डॉक्टर आहे. दुसरीची आई कोर्टात काळा कोट घालून जाते. आणि माझी आई..." तिनं हातानं डोक्यावर टोक काढून दाखवलं आणि ते टोक डोळ्यांवर कलंडवलं. नक्कल इतकी हुबेहूब होती की थेंबमावशीला हसू आलं. पण लागलंही. चांगलंच लागलं. एवढी मोठी बाई, पण त्या क्षणी तिला उठून मागच्या दाराशी जाऊन बसावंसं वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "आणखी काही?"

अटी तयारच होत्या. हाक मारायची नाही. हात हलवायचा नाही. केस नीट करायचे नाहीत. आणि बेडकुली तर मेलं तरी म्हणायचं नाही.

"मग तुम्हाला काय म्हणू? अहो ताई?"

"काहीच म्हणू नकोस. ओळखच नाही असं."

"आणि पिंपांचं? फीत कोण बांधणार?"

"या वर्षी तू बांध," मुलगी म्हणाली आणि उठून हात धुवायला गेली.

त्या वर्षी थेंबमावशीनं पाणी एकटीनंच केलं. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर, तो आठवडाभर घरी नव्हता. एकटीनं ढवळताना मजा येईना. चोथा टाकताना "बास का?" असं विचारायला समोर कुणी नव्हतं. सगळं नेहमीसारखं झालं, वाससुद्धा नामी सुटला, फक्त फीत तेवढी राहून गेली. तिच्या लक्षातच आलं नाही, कारण ते काम कधी तिचं नव्हतंच.

आता इथे तिच्या सासऱ्यांची ओळख करून दिली पाहिजे. म्हातारे आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होते आणि अस्वच्छ वस्तू त्यांच्या डोळ्यांना सोसत नसे. घरी आलेल्या पाहुण्याचा चष्मा मागून घेऊन पुसून परत देत. थोरल्या मुलाकडून इकडे राहायला येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते, पण तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या कात्र्यांना धार लावली होती, सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि पंख्याची पाती इतकी घासली होती की पंखा नवा आणला का, असं शेजारीण विचारून गेली. माणूस लाख मोलाचा. फक्त काही करायच्या आधी विचारायची पद्धत त्यांना नव्हती.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी थेंबमावशी टेबलं लावायला केंद्रावर गेली, मुलगी शाळेत गेली आणि म्हातारे वासाचा माग काढत मागच्या दाराशी आले. तिथे त्यांनी काय केलं ते पुढे कळेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला तेव्हा ते स्वतः पिंपं चढवायला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखादी भेटवस्तू पाठीमागे लपवलेल्या माणसाचे भाव होते.

"सूनबाई, आज खूश होशील हं," ते म्हणाले.

तिला वाटलं, शुभेच्छा देताहेत. "हो बाबा," ती म्हणाली आणि टेम्पोत चढली. पिंपांना आज वास कसा येत नाही, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पण नाकाला निळा रंग फासलेला होता आणि त्या रंगाला स्वतःचाच वास काही कमी नव्हता.

मुलांची बस आली. सर उतरले, मागोमाग मुलं. दोघादोघांच्या रांगेत एकदम शेवटी बेडकुली, शेजारी दोन वेण्यांची तिची मैत्रीण, तीच ती डॉक्टरीणबाईंची मुलगी. थेंबमावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. इतकं पाहिलं नाही की कुणालाही संशय यावा. सगळ्या रांगेकडे हसून बघत बघत नजर शेवटच्या जोडीपाशी आली की ती एकदम आभाळाकडे बघायची. सरांनीही मग एकदा वर पाहिलं.

पाइप झाले, डोंगर झाला, बादल्या झाल्या. मुलं ओली झाली, खूश झाली, आणि सगळी गाळणीच्या टेबलापाशी गोळा झाली. आता थेंबमावशीचा हुकमाचा प्रवेश होता. पिंपाकडे पाठ करून उभं राहायचं, मागे हात नेऊन झाकण उचलायचं, काचेचा ग्लास बुडवून उंच धरायचा आणि मोठ्यानं विचारायचं. दरवर्षी मुलं किंचाळून "नाऽऽही" म्हणायची. गाळणीघरावरची कबुतरं उडायची.

तिनं झाकण उचललं, ग्लास बुडवला, उंच धरला.

"मुलांनो, हे पाणी तुम्ही प्याल का?"

"होऽऽ!" सगळी मुलं म्हणाली.

"मावशी, मला द्या ना," पुढचा एक मुलगा हात पुढे करून म्हणाला, "फार तहान लागलीय."

थेंबमावशीनं ग्लासाकडे पाहिलं. पलीकडचं झाड त्यातून स्वच्छ दिसत होतं, पानं मोजावीत इतकं. तिनं दुसऱ्या पिंपाचं झाकण काढलं. नितळ. तिसऱ्याचं काढलं. तेही नितळ, आणि तळाशी पांढरा खडा, तुरटीचा. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाजूला होऊन तिनं घरी फोन लावला.

"बाबा, ती पिंपं..."

"पाहिलंस का?" पलीकडून म्हातारे इतक्या आनंदानं ओरडले की शेवटच्या रांगेतल्या मुलांनाही ऐकू गेलं. "अगं, काय ते पाणी होतं! पाणीखात्यातल्या बाईच्या दारात असलं पाणी! म्हटलं, तुला नोकरीतून वेळ होत नसेल. तुरटी फिरवली, निवळू दिलं, पंच्यानं गाळलं, पिंपं घासली, परत भरली. दिवस गेला, पण पाठ दुखली नाही बघ. आवडलं का?"

आता काय बोलणार? रागावण्यासारखं खूप होतं आणि ज्याच्यावर रागवावं असा माणूस पलीकडे नव्हता. "आवडलं, बाबा," थेंबमावशी म्हणाली. "फार छान झालंय."

फोन ठेवून ती वळली तर सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. सर पुढे आले. "मॅडम, काही अडचण आहे का? नाहीतर हा भाग वगळू. मुलांना तशीही भूक लागलीय."

वगळायचा? गाळणीचं टेबल वगळायचं, आणि तेही आज, ज्या दिवशी रांगेच्या टोकाला ती उभी होती! इतकी वर्षं थेंबमावशीच्या मनात एक चित्र होतं. आपली पोर आपलं काम बघतेय, आणि काम असं झालंय की तिला वाटावं, हं, ही माझी आई. ओळख नसली तर नसो, हाक नको, हात नको, पण निदान मान खाली घालायची वेळ तरी तिच्यावर येऊ नये. आणि इथे तर नेमकी तीच वेळ आलेली.

"वगळायचं काही नाही," ती म्हणाली. "आज पाणी आपण इथेच घाण करणार. घ्या माती!"

वाफ्यातली माती मुलांनी मुठी भरभरून घेतली. केंद्राच्या प्रयोगशाळेतली एक बाई उपाहारगृहाकडे चोथा आणायला धावली. मुलं पिंपांभोवती गोळा झाली, मुठी पिंपांवर आल्या, आणि तशाच राहिल्या. कुणी मूठ सोडेना.

"टाका ना," थेंबमावशी म्हणाली.

चष्मेवाली एक बारकी मुलगी तिच्याकडे बघत म्हणाली, "पण मावशी, हे चांगलं आहे."

"हो, चांगलं आहे."

"मग?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न थेंबमावशीला कुणी विचारलाच नव्हता, कारण मुलांपुढे पाणी येई ते मुळी घाण होऊनच. ते आधी कसं होतं हे कुणी पाहिलेलं नसे. आज पाण्यात आभाळ दिसत होतं, आणि सकाळपासून एकमेकांवर बादल्या उपडी करणारी ही माकडं मातीच्या मुठी धरून गप्प उभी होती. तिला ते बघून बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि त्याच वेळी दरदरून घामही फुटला, कारण वेळ चालला होता. आपणच सुरुवात करावी म्हणून तिनं हाताला लागेल ते उचललं. हात धुवायची साबणाची बाटली होती. तिनं ती पहिल्या पिंपावर उपडी धरली.

"आई, साबण नाही!"

आवाज रांगेच्या मागून आला, आणि आवाजापाठोपाठ मुलांना बाजूला ढकलत ती स्वतः. "साबण घालायचा नसतो, किती वेळा सांगितलंय! सगळा फेस होतो मग, काही दिसत नाही! आण ती इकडे!" बेडकुलीनं बाटली आईच्या हातून हिसकावून घेतली आणि मग आपण काय हाक मारली ते तिच्या लक्षात आलं. एका पिंपात साबणाची धार तेवढी हळूहळू खाली उतरत होती.

थेंबमावशी वचनाला पक्की होती. टोपीचं टोक डोळ्यांवरून मागे सारून ती म्हणाली, "बोला ताई, काय म्हणालात आपण?"

"आई, पुरे आता," बेडकुली म्हणाली.

दोन वेण्यांची मैत्रीण कधी निळ्या तोंडाकडे, कधी हिच्याकडे बघत होती. "ही तुझी आई आहे?"

बेडकुलीचे कान लाल झाले. तिनं एकदा पिंपाकडे पाहिलं, एकदा आईकडे. "हो," ती म्हणाली. आणि मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आणि हे घाण पाणी दरवर्षी आम्ही दोघी करतो. फीत बांधायचं काम माझं असतं. या वर्षी मी बांधली नाही, म्हणून आजोबांनी ते स्वच्छ करून टाकलं."

"तुमच्या घरी हे करू देतात?" मैत्रिणीच्या आवाजात चक्क हेवा होता. "आमच्या घरी कुंडीला हात लावला तरी ओरडा बसतो."

थेंबमावशीला काही सुचेनासं झालं. डोळ्यांखालचा निळा रंग ओघळायला लागला, आणि त्या गडबडीत तोंडून जे जायला नको होतं ते गेलं. "बेडकुले, मग आधी काय घालायचं गं?"

वर्ग फुटला. बेडकुली! बेडकुली! सरांनीही रुमाल तोंडाला लावला. पोरीनं आईकडे असं पाहिलं की पिंपातलं पाणी उकळावं. पण आता कामाला लागल्याशिवाय सुटका नव्हती, आणि काम तर तिला येतच होतं.

"आधी माती," ती म्हणाली. "मग चोथा. भुसा नाहीये, तर सगळ्यांनी पेन्सिली तासा. डब्यातलं काही सांडलेलं, उरलेलं असेल तर ते. तेल सगळ्यात शेवटी." मग तिनं चष्मेवालीकडे पाहिलं, जिची मूठ अजून मिटलेलीच होती. "आजोबांना हे साफ करायला अख्खा दिवस लागला. म्हणून असं करू. जो टाकेल त्यानंच काढायचं. जेवढं टाकाल तेवढं काढायचं."

हा नियम खात्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो ऐकून मूठ गच्च भरलेल्या एका मुलानं थोडा विचार केला आणि अर्धी माती परत वाफ्यात टाकली. दुसऱ्यानं चोथ्याचा चमचा हलवून हलवून निम्मा केला. चष्मेवालीनं चिमूटभरच टाकली आणि ती कुठे जाते ते वाकून बघत राहिली. तरीसुद्धा चाळीस जणांचं मिळून पाणी बघता बघता तपकिरी झालं. आजोबांचा दिवस गेला होता, मुलांना चहा पिण्याइतका वेळही लागला नाही.

मग गाळणं सुरू झालं, आणि थेंबमावशीनं आजवर पाहिलं नव्हतं असं गाळणं. दरवर्षी मुलं दुसऱ्या कुणाची तरी घाण काढत. आज जो तो आपापली शोधत होता. "ही पेन्सिलीची साल माझी नाही, तुझी आहे!" "तुझा चोथा माझ्या वाळूत आला!" कापूस दोनदा बदलला, वाळू धुऊन घेतली, कुणीतरी आजोबांचा तुरटीचा खडा मागून घेतला. सरांनी बाह्या वर केल्या आणि एका गटात जाऊन बसले. भुकेचं नाव कुणी काढलं नाही.

सगळ्यांचं पाणी हळूहळू उजळत गेलं. फक्त पहिल्या पिंपातलं काही केल्या धड होईना. वाळूतून काढलं तरी बाटली हलवली की फेस.

"साबण कुणी टाकला?" तहानलेला मुलगा करड्या आवाजात म्हणाला.

सगळ्यांच्या माना थेंबमावशीकडे वळल्या.

"जो टाकेल त्यानंच काढायचं," चष्मेवालीनं आठवण करून दिली.

मग काय, खात्याच्या जल-शिक्षण विभागाच्या प्रमुख बाई गमबुटांसकट खाली बसल्या आणि साबण काढू लागल्या. वाळूतून काढलं, कोळशातून काढलं, निवळू दिलं, तुरटी फिरवली. हलवलं की फेस. भोवती मुलांचं कडं. "निघत नाही गं," ती शेवटी हताश होऊन म्हणाली. "मग टाकला कशाला?" चष्मेवालीनं विचारलं. त्यावर ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं. पुन्हा नाही टाकणार." मुलांनी तिला माफ केलं, पण मतदान घेऊन. एक मत विरोधात गेलं, आणि ते बेडकुलीचं होतं.

मुलं बसमध्ये चढायला लागली तेव्हा टोपी पार भिजून नाकापर्यंत आली होती. थेंबमावशी फाटकाशी उभी राहिली. बस सुरू झाली. तिला हात हलवायचा होता, पण ती अट अजून कुणी मागे घेतली नव्हती. म्हणून तिनं हात नुसता कमरेपर्यंत उचलला आणि तिथेच ठेवला.

मागची खिडकी धाडकन उघडली. बेडकुलीचं डोकं बाहेर आलं, तिच्या खांद्यावरून दोन वेण्या, आणि मागे आणखी पाचसहा तोंडं.

"आई!" ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "तोंड नीट धू, नाहीतर आजोबा तुला तुरटी लावतील!"

बसभर हशा पिकला. थेंबमावशीचा हात आपोआप वर गेला, पार डोक्याच्या वर. बस वळणापाशी पोचली तरी खिडकीतलं डोकं आत गेलं नव्हतं.

"आणि डबा खा, आई! सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस तू!"